पुंगळी, भोपळा आणि बुलेटचा खर्ज

जुन्या मोटरसायकलीचा आवाज मोठा आणि खोल कसा करावा, हा प्रश्न साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या गॅरेजांत नित्य विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : पुंगळी काढा. आजचा धागा या उत्तराविरुद्ध आहे. मोठा आवाज आणि खोल आवाज या दोन निरनिराळ्या मागण्या आहेत आणि बहुतेक वेळा त्या एकमेकींच्या आड येतात. ही गोष्ट इंजिनाच्या इतिहासात शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाली आहे आणि आपल्या मिरजेच्या कारागिरांना त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम शब्द पाहू. सायलेन्सरच्या पोटात जी छिद्रांची नळी किंवा पडद्यांची रचना असते तिला आपल्याकडे पुंगळी म्हणतात. ती काढली की उरतो तो नुसता पत्र्याचा डबा. सिलिंडरमधून सुटलेला तप्त वायू मग कुठेही न अडखळता थेट रस्त्यावर येतो. या वायूला अडखळायला लावणे हाच तर सायलेन्सरचा जन्महेतू. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मिल्टन रीव्हज यांनी १८९७ साली अशा उपकरणाचे पेटंट घेतले. १९०९ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि पुढे त्यांच्या कंपनीने इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. यांचे वडील म्हणजे मशीनगनचे जनक सर हायरम मॅक्सिम. आयुष्यभर तोफा-बंदुकांच्या सान्निध्यात राहून ते उतारवयात जवळजवळ बहिरे झाले होते. बापाने आवाज जन्माला घातला आणि लेकाने तो शांत करण्यात हयात घालवली, असे म्हणायला हरकत नाही.

आता बुलेटकडे येऊ. रॉयल एन्फील्डने बुलेट हे नाव इंग्लंडात १९३२ साली प्रथम वापरले. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवरील गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती. तिच्या मागणीतून १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. सातारा हा फौजींचा जिल्हा. इथल्या माणसाला बुलेटविषयी जो जिव्हाळा वाटतो, त्यात या लष्करी नात्याचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. व्यासापेक्षा धाव लांब, चक्र जड, आणि सिलिंडर एकच. असे इंजिन स्वभावतः संथ असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो, म्हणजे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर सेकंदाला साडेसात स्फोट. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीस ठोक्यांपर्यंत प्रत्येक ठोका सुटा ऐकतो आणि त्यापुढे ते एकमेकांत मिसळून सलग स्वर बनतात. बुलेटच्या बाबतीत ही सीमा मिनिटाला २४०० फेऱ्यांवर येते. तिच्याखाली आपण जे ऐकतो तो वस्तुतः ताल आहे. ज्याला सारे ‘डुगडुग’ म्हणतात आणि ज्याच्यावर जीव टाकतात, तो इंजिनाच्या धावेतून आणि चक्राच्या वजनातून येतो. पुंगळी त्यात काही घालत नाही आणि काही काढतही नाही.

मग पुंगळी काढल्यावर फरक कशात पडतो? प्रत्येक ठोक्याच्या कडा तीक्ष्ण होतात. वायू झटक्याने सुटताना खालच्या स्वरांबरोबर वरचे कर्कश स्वरही निर्माण होतात. सायलेन्सरच्या पडद्यांत आणि पोकळ्यांत हे वरचे स्वर आधी विरतात, खालचे मागे राहतात. म्हणून चांगल्या सायलेन्सरमधून येणारा आवाज लहान असूनही खोल भासतो. पुंगळी गेली की कर्कश भाग मोकाट सुटतो. आवाज वाढतो खरा, पण वाढतो तो वरच्या अंगाने. गवयाच्या भाषेत सांगायचे तर खर्ज तसाच राहतो आणि त्याच्या डोक्यावर तारसप्तक येऊन बसते.

इथे मिरजेची आठवण होणे अपरिहार्य आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली आणि त्यांच्या वंशजांच्या गल्लीतून सतार-तंबोरे देशभर जाऊ लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना हे कारागीर त्याचा घेर पारखतात. पुरुषी खर्जाच्या तंबोऱ्याला मोठ्या पोटाचा भोपळा लागतो. तार स्वर देते, पण त्या स्वराला भारदस्तपणा येतो तो पोकळीमुळे. आता एखाद्याने आवाज मोठा व्हावा म्हणून तंबोऱ्याचा भोपळाच कापून टाकला, तर मिरजेत त्याला काय म्हणतील? आपल्या गॅरेजांत नेमके हेच चालते.

थोडे गणित. एका बाजूने बंद असलेल्या नळीचा मूळ स्वर तिच्या लांबीवर ठरतो. नळीतला वायू तापलेला असल्याने त्यात ध्वनी सेकंदाला अंदाजे ५०० मीटर जातो. नळी एक मीटरची असेल तर तिचा स्वर सेकंदाला सुमारे १२५ कंपनांचा, म्हणजे पुरुष गायकाच्या षड्जाच्या आसपासचा. तीच नळी अर्धी केली की २५० कंपने; स्वर थेट एक सप्तक वर चढला. म्हणून मूळचा लांब सायलेन्सर काढून आखूड बाटली बसवणारा तरुण पैसे मोजून आपल्या गाडीचा आवाज पातळ करून घेत असतो. गोंगाटामुळे ते त्याच्या ध्यानात येत नाही, इतकेच.

बुलेटला लावण्याच्या या बाजारू सायलेन्सरांपैकी एकाला आपल्याकडे ‘गोल्डस्टार’ म्हणतात. या नावामागची हकीकत मोठी मासलेवाईक आहे. लंडनजवळ ब्रुकलँड्स येथे १९०७ साली बांधलेला शर्यतीचा मार्ग होता. तिथल्या आवाजाला कंटाळून आसपासच्या रहिवाशांनी न्यायालयाची पायरी गाठली आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापासून त्या मार्गावर सायलेन्सर सक्तीचा झाला. डब्यासारख्या आकारामुळे त्याला ‘ब्रुकलँड्स कॅन’ असे नाव पडले. या मार्गावर शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने एक फेरी पूर्ण करणाऱ्याला सोन्याचा छोटा तारा मिळत असे. १९३७ साली वॉल हँडली या स्वाराने बीएसए कंपनीच्या गाडीवर तो पटकावला आणि कंपनीने पुढच्या वर्षी आपल्या नव्या गाडीचे नावच गोल्ड स्टार ठेवले. म्हणजे ज्या सन्मानाचे नाव आज आपण गोंगाटाच्या नळकांड्याला देतो, तो सायलेन्सर सक्तीचा असलेल्या मार्गावर कमावलेला होता!

दोन स्ट्रोकच्या गाड्यांची गोष्ट याहून विलक्षण आहे, आणि साताऱ्याशी तिचे नातेही जवळचे आहे. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली स्थापन झाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर रस्त्यावर आली. तिचे इंजिन दोन स्ट्रोकचेच. पण तरुणांच्या मनात घर करून राहिली ती यामाहाची आरएक्स १००. १९८५ ते १९९६ या काळात ती आपल्याकडे बनली, आणि तिच्या पुंगळीची कथा आजही पारावर रंगते.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात सायलेन्सर हा इंजिनाचाच एक अवयव असतो. पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात ही विद्या पूर्णत्वाला नेली. नळी आधी रुंदावत न्यायची, मग निमुळती करायची आणि शेवटी एका अरुंद नळीतून वायू बाहेर सोडायचा. निमुळत्या भागावर आपटून परतलेली दाबाची लाट, सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. इंजिन जणू स्वतःच्याच प्रतिध्वनीवर चालते. १९६१ साली त्या संघाचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान त्याच्याबरोबर सुझुकीच्या हाती गेले. पुढच्याच वर्षी तो सुझुकीवर ५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. ज्या रचनेसाठी एका माणसाने देश सोडला, तिची शेवटची अरुंद नळी आपण हातोडी-छिन्नीने उपटतो आणि गाडी ‘पळायला लागली’ असे समजतो. प्रत्यक्षात बहुधा खालच्या वेगातली ओढ घटते आणि कानाला मात्र वेग वाढल्याचा भास होतो.

‘फटाका’ सायलेन्सरविषयी फार लिहावे असे वाटत नाही. धावत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद केली की न जळलेले पेट्रोल नळीत साचते आणि किल्ली पुन्हा फिरवताच तिथे पेटते. त्यात कौशल्य कसले? नळीची नासाडी होते आणि शेजारून चाललेल्या म्हाताऱ्याचा थरकाप उडतो.

हा म्हातारा महत्त्वाचा आहे. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले आणि तेव्हापासून हे गाव दूरदूरच्या, अगदी कर्नाटकातल्याही रुग्णांचे आशास्थान झाले. आपल्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचे माप फसवे असते : दहाने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. सांगली-मिरज रस्त्यावरून रात्री अकराला पुंगळी काढलेली एक गाडी गेली, तर खाटेवरच्या किती जणांची झोप मोडते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. यवतेश्वर घाटात सुट्टीच्या दिवशी पहाटे जे चालते, तेही याच जातीचे. डोंगराच्या कड्यावर आपटून तो आवाज खालच्या वस्तीत दुप्पट होऊन येतो.

कायदा स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२०व्या नियमाप्रमाणे प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि तीन महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडतात आणि त्याची छायाचित्रे छापून येतात. मला या देखाव्याचे फारसे कौतुक नाही. चिरडले जाते ते पोराच्या खिशातून गेलेले नळकांडे. ते विकणारे दुकान दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते.

‘पण बुलेटचा आवाज हा आमचा वारसा आहे,’ असे काही मित्र म्हणतील. मान्य. म्हणूनच तर हा धागा लिहिला. ज्या टापूत १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, १९२२ साली साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला, त्या टापूतल्या माणसांना यंत्र म्हणजे काय हे नव्याने सांगावे लागू नये. जुनी गाडी हे एक कागदपत्रच आहे. मोडी लिपीतील एखादे पत्र वाचता येत नाही म्हणून आपण त्यावर ठळक शाईने गिरवत नाही. मूळ सायलेन्सर भंगारात घालून वर वारशाची भाषा बोलणे मला असेच वाटते. १९६० च्या दशकातल्या जावाला म्हैसूरच्या कारखान्याने दिलेली लांबसडक सायलेन्सरची जोडी आज मूळ स्वरूपात पाहायला मिळणे कठीण झाले आहे. ती पत्र्यात गेली, आणि तिच्याबरोबर त्या गाडीचा खरा आवाजही.

ज्यांना जुन्या गाडीचा खर्ज खरोखर परत हवा आहे, त्यांच्यासाठी वाट आहे आणि ती स्वस्तही आहे. सिलिंडर आणि नळीच्या जोडावरची गळती बंद करावी. तिथून निसटणारी फुसफुस खालचा स्वर खाऊन टाकते. सायलेन्सरला गंजून भोके पडली असतील तर मूळ मापाचा, मूळ लांबीचा नवा बसवावा. पॉइंटमधील फट, टायमिंग आणि टॅपेट जाणत्या मिस्त्रीकडून लावून घ्यावेत. दोन स्ट्रोकच्या गाडीची पुंगळी बाहेर काढून तिच्यावरचा कार्बन साफ करावा आणि ती पुन्हा जागेवर घालावी. एक इशारा मात्र लक्षात असू द्यावा : ठोके मोजता यावेत म्हणून बुलेटचे आयडलिंग काही जण फारच खाली आणतात. तिचा तेलपंप इंजिनाच्या फेऱ्यांवरच चालतो. फेऱ्या घटल्या की क्रँकच्या बेअरिंगला तेल कमी पोहोचते, आणि मग जो आवाज येऊ लागतो तो दुरुस्त करायला इंजिन उघडावे लागते.

आपल्या घरी, गोठ्यात किंवा माळ्यावर जुन्या बुलेटचा, जावाचा, राजदूतचा मूळ सायलेन्सर पडून असेल, तर त्याची लांबी मोजावी, त्यावर कंपनीचा शिक्का असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही या धाग्याखाली टाकावे. गाडी कोणत्या सालची हेही लिहावे.