तारे शहराचे, प्रेक्षक तांड्याचे

शुक्रवारी सिनेमा लागतो आणि रविवारपर्यंत त्याला तारे मिळून जातात. ही पद्धत शंभरीकडे चालली आहे. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी १९२८ मध्ये ती सुरू केली, तेव्हा जास्तीत जास्त तीनच तारे मिळायचे. आता पाच मिळतात, वर अर्ध्याचीही सोय आहे. साडेतीनवाला सिनेमा पाहायचा की सोडायचा, हे मात्र अजून कोणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही.

हे तारे वाटले जातात मल्टिप्लेक्सच्या खुर्चीत बसून. पोहरादेवीत त्यांचा हिशेब लागत नाही. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रासह तेलंगण-कर्नाटकातले तांडे लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी आणि मोबाइलवर हिंदी, अशा चार भाषा इथला प्रेक्षक रोज सहज वापरतो. इथली कित्येक घरं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर हिवाळ्यात लागलेला मराठी सिनेमा थिएटरातून उतरून ओटीटीवर आलेला असतो. म्हणजे बघायचा तो मोबाइलवर, आणि तोही बहुतेक वेळा चारचौघांत.

अशा घराला ताऱ्यांपेक्षा प्रमाणपत्रावरचा आकडा जास्त कामाचा. २०२४ च्या नव्या नियमांपासून ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झाले. ओटीटीला तशी वर्गवारी २०२१ पासूनच आहे. एकाच खोलीत आजी, सून आणि सातवीतला पोरगा असेल, तर तो १६ चा आकडा साडेचार ताऱ्यांना भारी पडतो. दुसरी कसोटी बोलीची. वऱ्हाडी बोलणारा माणूस पडद्यावर आला की तो विनोदापुरताच आला असणार, ही सवय मराठी मनोरंजनाने प्रेक्षकाला लावली आहे. ज्या सिनेमात ती बोली रडायला, भांडायला आणि गप्प बसायलाही वापरली जाते, त्याला एक तारा तिथेच द्यावा.

या कसोटीवर अलीकडचा सगळ्यात अस्सल सिनेमा म्हणजे ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार घेऊन आला आणि ७ मार्च २०२५ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तो घडतो. त्यातले बरेचसे चेहरे तिथलेच, नायिका सविताचं काम करणारी नंदिनी चिकटे नवखी. सविता समाजशास्त्र शिकते आहे, बापाचा कापूस भावाअभावी अडला आहे आणि दारात स्थळामागून स्थळ येत आहे. पाहुणे बसतात, मुलगी बाहेर येते, आणि सुरू होतं: नाव काय, शिक्षण काय, उंची किती. थोड्या वेळाने पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. पहिल्या वेळी हसू येतं. तिसऱ्या वेळी बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं, कारण अशा बैठकीत पाहुणा म्हणून तोही कधीतरी बसलेला असतो. सुरुवातीलाच हा खेळ उलटा करून दाखवला आहे, बायका बसल्या आहेत आणि मुलाची चौकशी चालली आहे. ते दृश्य घरात सगळ्यांनी मिळून बघावं आणि पुरुषांच्या चेहऱ्यांवर लक्ष ठेवावं. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो अधूनमधून रेंगाळणाऱ्या गतीसाठी.

‘पाणी’चं दुखणं वेगळं. आदिनाथ कोठारे यांच्या या सिनेमाला २०१९ च्या पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण सर्वसामान्य प्रेक्षकाला तो दिसला १८ ऑक्टोबर २०२४ ला. नांदेड जिल्ह्यातल्या हनुमंत केंद्रे यांची ही खरी गोष्ट: गावाला पाणी नाही म्हणून जमलेलं लग्न मोडतं आणि तरुण गावात पाणी आणायला उठतो. मांडणी सरळसोट आहे, शेवटाकडे थोडी भाषणबाजीही. पण हंड्यांची रांग ज्यांनी उभं राहून पाहिली आहे, त्यांना ती खटकणार नाही. साडेतीन.

मुलांसाठी ‘नाळ २’. पहिल्या भागातला चैत्या, म्हणजे श्रीनिवास पोकळे, इथे मोठा झालेला दिसतो. या भागाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुलांनी पहिला ‘नाळ’ आधी पाहिलेला असला तर उत्तम. चार.

स्पर्धा परीक्षेच्या खोलीत पोर ठेवलेल्या घरांत ‘ट्वेल्थ फेल’ बहुधा पाहून झाला असेल. त्याचा नायक मनोजकुमार शर्मा महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी, त्यामुळे ओळखही वाटते. विक्रांत मॅसी पिठाच्या गिरणीत राबतो, पिठाने माखलेल्या हातांनी पुस्तक उघडतो, ही दृश्यं खोटी वाटत नाहीत. हा सिनेमा मात्र निवड झालेल्या एकाचा आहे. शिकवण्यांच्या त्याच गल्लीत दहा वर्षं घालवून गावी परतलेल्यांवर असाच जीव ओतून कोणी सिनेमा काढलेला नाही. चार तारे, आणि पाहून झाल्यावर पोराला लगेच वेळापत्रक विचारू नये.

‘मानवत मर्डर्स’ थोडी जपून पाहावी. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ दरम्यान झालेल्या खुनांचा तपास ही मालिका मांडते. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर संयत आहेत, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकरही धीट. पण गुप्तधन, बळी आणि पारधी समाजातल्या बायका एकाच चौकटीत आल्या की त्या समाजाकडे बोट दाखवणाऱ्यांना आयतंच निमित्त मिळतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला, आणि त्यातून सुटलेल्यांना महाराष्ट्र विमुक्त जाती म्हणतो. त्या यादीत बंजाराही आहेत. शहरातल्या प्रेक्षकाला जे निव्वळ थरारक वाटतं, त्याकडे तांड्यावरचा म्हातारा वेगळ्या नजरेने बघतो. या मुद्द्याचा उल्लेख समीक्षांमध्ये असायला हवा होता. अभिनयासाठी तीन, त्याहून जास्त नाही.

आणखी एक गोष्ट ताऱ्यांच्या हिशेबात येतच नाही. गोरबोलीतली गाणी, तीज सणाचे आणि लेंगी गाण्यांचे व्हिडिओ, सेवालाल महाराजांवरची भजनं, हौशी मंडळींनी काढलेल्या छोट्या फिल्मा, असं कितीतरी यूट्यूबवर आहे. त्यांचं परीक्षण कोणी लिहीत नाही. त्यातलं बरंचसं कच्चं आहे, आवाज फाटतो, कॅमेरा हलतो. पण मराठी वर्तमानपत्रांनी महिन्यातून एकदा त्यातलं चांगलं निवडून सांगितलं, तर वाचक वाढतील आणि काढणारेही सुधारतील. हिंदी-मराठी सिनेमाने बंजारा बाईला आरशांचा घागरा घालून गाण्यापुरती नाचवली. ती बोलते कशी, भांडते कशी, कर्ज कसं फेडते, हे बघायला सध्या तरी याच व्हिडिओंकडे वळावं लागतं.

राहता राहिली ‘पंचायत’ ही हिंदी मालिका. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या पहिल्या हंगामाला डोळे झाकून पाच. शेवटच्या भागात नावापुरती प्रधान असलेली मंजूदेवी झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत पाठ करायची धडपड करते, तेवढ्यावरून महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला आपले सरपंचपती आठवावेत. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयालाही ही आठवण झाली असावी: २०२५ मध्ये त्याने याच कलाकारांना घेऊन ‘असली प्रधान कौन?’ ही छोटी फिल्म करवून घेतली. दुसऱ्या हंगामाला साडेचार, तिसऱ्याला साडेतीन. जून २०२५ मधला चौथा हंगाम निवडणुकीच्या कुरघोडीतच अडकून बसला आहे. त्याला अडीच, आणि घरात नेट पॅक संपत आला असेल तर तो सोडला तरी चालेल.