जुन्नर कुणाच्या बापाचं?

गड्यांनो, जुन्नरचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी सांगतात. शिवनेरीवर १६३० साली शिवाजीराजे जन्मले आणि लेण्याद्रीला अष्टविनायकातला गणपती आहे. झालं! इतिहास खलास.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढा नि डोळे उघडे ठेवा. गणपती बसलाय तो मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. भोवतीनं त्यांच्या कोठड्या अजून आहेत. फक्त मालक बदललाय.

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेवर लेणी. त्यांतले लेख वाचा. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. इरिल, चिट, चंद या यवनांनी दानं दिली. आणि एका लेखात धर्मासाठीचा पैसा ठेवलाय कुणाकडं? बांबूकाम करणाऱ्यांच्या नि कासारांच्या श्रेणीकडं! म्हणजे बांबू सोलणाऱ्याची पत अशी, की लोक त्याच्याकडं ठेव ठेवीत आणि तो व्याज देई. पुढं त्याच धंद्यातल्या बुरुडाला गावानं अस्पृश्य केलं. बांबू तोच, कोयता तोच. मग विटाळ आला कुठून? देवानं दिला नाही, माणसांनी लादला. आणि लादलेलं उतरवता येतं. मी गोदीत ओझी वाहतो, हे मला कुणी शिकवायला नको.

पण म्हणून जुन्या काळाच्या आरत्याही नकोत. नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीनं यज्ञात वाटलेल्या गाई, घोडे, कार्षापणं कोरून ठेवली. त्याच घाटानं कल्याणचा माल जुन्नरला चढायचा. राणीच्या लेखात हमालाचं नाव शोधा. नाही सापडणार.

नंतर निजामशाही आली, मराठे आले, पेशवे आले, इंग्रज आले. १८६३ साली बोरघाटातनं रेल्वे चढली. महारवाडा तिथंच, गावाबाहेर. महार वतनाची वेठ कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं.

शेजारचं आंबेगाव बघा. ज्या गावाचं नाव तालुक्याला, ते गावच डिंभे धरणात बुडालं. घोड नदीचं पाणी खालच्या उसाला, आणि वरचा महादेव कोळी देशोधडीला. राज्यकर्ते बदलले, बुडणारे तेच.

१९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाकडं परत नेलं. परत, कळलं का? तेव्हा जुन्नरला सहलीला जाऊ नका, वही घेऊन जा. गाइड गणपती सांगेल. तुम्ही शेजारी उभे राहून बांबूवाल्यांची श्रेणी सांगा, मोठ्यानं.

जय भीम!