अक्षर चिकटवायचे की मुरवायचे?

कीबोर्ड विकत घेताना आपण किंमत बघतो, बटणांचा आवाज ऐकतो, फार तर दिवे लागतात का ते पाहतो. बटणावरचे अक्षर कसे उमटवले आहे, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. इंग्रजीपुरते हे खपून जाते. मराठी आणि उर्दूत टाइप करणाऱ्याला मात्र हा प्रश्न महागात पडतो.

शाळांतल्या संगणक कक्षात काय असते? इंग्रजी अक्षर कारखान्यातूनच छापून येते. मराठीसाठी स्टिकरची शीट आणतात, उर्दूसाठी दुसरी. वर्ष सरता सरता स्टिकरच्या कडा उचलतात, खाली धूळ बसते, गोंद बोटाला लागतो. मग मुले नखाने ते खरवडून काढतात. इंग्रजी तेवढी शाबूत राहते.

उर्दू माध्यमातल्या मुलांसाठी ही किरकोळ बाब नाही. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द मागतात. ज्या मुलाच्या घरात मराठी बोलली जात नाही आणि संगणकही नाही, त्याची या कळफलकाशी पहिली ओळख शाळेतच होते. तिथे ‘ळ’ कुठे आहे हेच दिसत नसेल, तर सराव कशावर करायचा?

टाइपरायटरच्या काळात हा घोळ नव्हता. मराठी टाइपरायटर म्हणजे मराठीच, त्याच्या प्रत्येक कळीवर मराठी अक्षर असायचे. संगणकात एकाच कीबोर्डवर अनेक लिप्या आल्या. सोय झाली, पण बटणावरची जागा इंग्रजीने घेतली आणि बाकीच्यांच्या वाट्याला चिकटपट्टी आली.

आता प्लास्टिककडे बघू. बटणाच्या टोपीला, म्हणजे कीकॅपला, मुख्यतः दोन प्रकारचे प्लास्टिक वापरतात. एक एबीएस. ते स्वस्त आहे, साच्यात नीट बसते, रंगही छान घेते. पण बोटांच्या घासण्याने काही महिन्यांत चमकू लागते. दुसरे पीबीटी. ते पॉलिस्टरच्या कुळातले, जास्त कडक, किंचित खरखरीत आणि उष्णतेला दाद न देणारे. साच्यात थंड होताना ते अधिक आकसते, म्हणून स्पेसबारसारखी लांब टोपी वाकडी होण्याचा धोका असतो. आयबीएमचा १९८५चा ‘मॉडेल एम’ आजही लोक वापरतात. त्याच्या टोप्या पीबीटीच्याच होत्या.

पण नुसते ‘पीबीटी’ लिहिलेले बघून भुलू नये. अक्षर कसे उमटवले, हेही तितकेच महत्त्वाचे. सर्वांत स्वस्त पद्धत शाईच्या छापाची. अक्षर पृष्ठभागावर बसते आणि सर्वांत आधी पुसते, मग टोपी कुठलीही असो. दुसरी लेझरची. त्यात पृष्ठभाग जाळून खूण करतात. ती छापापेक्षा टिकते, पण फिकी दिसू शकते. तिसरी डबल-शॉट. यात दोन रंगांचे प्लास्टिक दोनदा ओततात आणि अक्षर स्वतःच प्लास्टिकचे बनते. ते पुसणे शक्यच नाही. मात्र प्रत्येक अक्षराला वेगळा साचा लागतो. एका बटणावर इंग्रजी, ‘ल’, ‘ळ’ आणि वर उर्दू, अशी दाटी या पद्धतीत परवडत नाही.

चौथी पद्धत डाय-सब्लिमेशनची. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती प्लास्टिकच्या आत मुरते. एबीएस एवढ्या उष्णतेत मऊ पडते, म्हणून इथे पीबीटीच हवे. अक्षर टोपीपेक्षा गडद असावे लागते, ही एक मर्यादा. पण आकार कितीही बारीक असो, लिप्या तीन असोत, काही बिघडत नाही.

कोलशेतकरांना हे रसायन परके वाटू नये. सँडोझच्या रंग-रसायनांच्या कारखान्यावरून इथल्या पोस्टाचा पत्ताच ‘सँडोझ बाग’ झाला. १९९५मध्ये त्या कंपनीचा रसायन विभाग वेगळा होऊन क्लॅरियंट झाला. पॉलिस्टरचे कापड ज्या जातीच्या रंगांनी रंगते, त्याच जातीचे रंग पीबीटीच्या टोपीत मुरतात. स्नेहसंमेलनाच्या टी-शर्टवर नाव छापून देणारा दुकानदारही हेच तंत्र वापरतो. म्हणजे हे काही अवकाशशास्त्र नाही.

उर्दूसाठी तर ही निवड आणखी नाजूक आहे. बे, पे, ते, से या अक्षरांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. खालचा एक नुक्ता ‘बे’, खालचे तीन ‘पे’, वरचे दोन ‘ते’, वरचे तीन ‘से’. शाईचा एक ठिपका उडाला की मुलासमोर वेगळेच अक्षर उभे राहते. इंग्रजीचा ‘बी’ अर्धा पुसला तरी अंदाज येतो. इथे अंदाजाला जागा नाही.

कुणी म्हणेल, चांगला टंकलेखक बटणांकडे बघतच नाही. खरे आहे. पण तो आधी शिकलेला असतो. न बघता टाइप करण्याआधी पुष्कळ दिवस बघावे लागते. दुसरा आक्षेप असा, की रोमन अक्षरांत लिहिले की मोबाइल आपोआप मराठी करून देतो. देतो खरा. पण मग मराठीपर्यंत पोहोचायला मुलाला इंग्रजी स्पेलिंगच्या दारातून जावे लागते. ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ हा भेद रोमनमध्ये पुसट होतो. जो भेद वर्गात आम्ही घसा कोरडा करून शिकवतो, तो पडद्यावर सूचनांच्या यादीतून निवडण्यापुरता उरतो.

२०१०मध्ये रुपयाचे चिन्ह ठरले आणि पुढे ते कीबोर्डवर छापूनही येऊ लागले. मागणी असली की जागा निघते. तेव्हा शाळांनी आणि पालकांनी मागताना नेमके मागावे: टोपी पीबीटीची, अक्षर मुरवलेले, मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी. मेकॅनिकल कीबोर्डच्या टोप्या सुट्या निघतात, त्यामुळे अख्खे यंत्र बदलायचीही गरज नाही. एकट्या शाळेला हे महाग पडेल. दहा शाळांनी मिळून मागितले तर दर बदलतो.

दुकानात एवढे तरी करा. अक्षरावरून नख फिरवा, उंचवटा लागला तर तो शाईचा छाप समजा. टोपी काढून उलटी करा, आत दुसऱ्या रंगाचे प्लास्टिक दिसले तर ती डबल-शॉट. आणि दुकानदाराने स्टिकरची शीट पुढे केली, तर ती परत करून विचारा, इंग्रजीचेही स्टिकरच देता का?