काचेच्या पेटीतील सोबती

खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. मुलाच्या प्रथम पवित्र कम्युनियनच्या दिवशी त्याच्या धर्मपित्याने त्यास दोन फुटी काचेची पेटी व बारा मासे भेट दिले. त्यांत दोन गोल्डफिश, एक मोठा एंजल, एक फायटर, दोन गप्पी आणि सहा निऑन होते. दहा दिवसांत चारच उरले. आपल्याच हातून पाप घडले असे मनात घेऊन मुलगा नीट जेवतही नाही.

त्या बालकास प्रथम हे सांगावे की, दोष त्याचा नव्हे. निवड वडीलधाऱ्यांनी केली, आणि ती करताना रंग पाहिला, स्वभाव पाहिला नाही. धर्मपित्याचा हेतू प्रेमाचाच होता, हे वेगळे सांगावयास नको.

एंजल व निऑन दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तथापि निऑन जेमतेम दीड इंचाचा, आणि एंजल तोंडात मावेल तो मासा गिळणारा. दोन निऑन 'नाहीसे झाले' असे पत्रात आहे. ते कोठे गेले, हे मुलाला न सांगितलेलेच बरे. फायटर लांब शेपटीच्या गप्पीला प्रतिस्पर्धी समजून कुरतडतो. गोल्डफिश भांडखोर नव्हे, पण त्यास थंड पाणी मानवते, तो सहा-आठ इंच वाढतो आणि पाणी फार घाण करतो.

ही घाणच नव्या पेटीत घातक ठरते. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. त्याचे प्रथम नायट्राइट व मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू गाळणीत व वाळूत वाढावयास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी दिसावयास निर्मळ, पण विषारी असू शकते. एकाच दिवशी बारा मासे सोडणे म्हणजे चूल पेटण्यापूर्वी पंगत बसविणे होय.

आता गोल्डफिश व एंजल दुकानदार घेईल तर परत द्यावेत. ओढ्यात किंवा तळ्यात मात्र कदापि सोडू नयेत; परदेशी सकरमासे असेच सुटून आपल्या देशातील कित्येक जलाशयांत माजले आहेत. फायटरला मोठ्या, झाकणाच्या भांड्यात एकटेच राहू द्यावे. पेटीतील गाळणी बंद न करता रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जंतू उपाशी राहणार नाहीत.

दरम्यान विहिरीच्या पाण्यात साबण घासून पाहावा. फेस सहज आला तर पाणी हलके, न आला तर जड. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीचे पाणी त्या दिवसांत वापरू नये.

दीड महिन्याने सहा झेब्रा मासे आणावेत. हा पट्टेदार, दीड-दोन इंची मासा आपल्याच देशातील ओढ्यांचा, काटक आणि कळपाने राहणारा. एकटा ठेवल्यास तो बिचकतो. दोन आठवडे सर्व ठीक चालले तर पाणी जड असल्यास चार प्लॅटी, एक नर व तीन माद्या. हलके असल्यास श्रीलंकेतील चेरी बार्ब पाच-सहा. सुमारे पन्नास लिटर पाण्याच्या त्या पेटीस एवढे पुरे. प्लॅटीला पिले होतील, तेव्हा ती कोणाला द्यावयाची याचा विचार आधीच करून ठेवावा. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. ते काम मुलाकडेच द्यावे, आणि झेब्रा आणावयास जाताना त्यालाच बरोबर न्यावे.