रुंद चाकांची हौस
१९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात अवतरलेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी मोटारीला १४ इंची चाके आणि अवघे १८५ मिलिमीटर रुंदीचे टायर मिळाले ते केवळ काटकसरीपायी, अशी समजूत करून घेऊन जे हौशी मालक तिला रुंद चाके चढवितात, त्यांच्या रसिकतेस माझी सक्त हरकत आहे. कोरड्या रस्त्यावर पकड वाढते, हे निर्विवाद; परंतु चाक जड झाले की सस्पेन्शन खड्ड्याखड्ड्याला थडथडते, आणि ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसते याचा, हिशेब चुकला तर टायर मडगार्डची कड खरवडतो; मग ती कडच आत दुमडण्याची तजवीज! पकड सुटण्यापूर्वी चालकाला वर्दी देणे, हा या हलक्या गाडीचा खरा गुण; रुंद टायरांपायी तोच हरपतो. रुंद चाकांना शर्यतीच्या मैदानापुरती मुभा असावी. रस्त्यासाठी मात्र मूळ मापाचे, उत्तम प्रतीचे नवे टायर घ्यावेत.