स्वस्त गाडीची पत

महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून २००७ साली लोगान नावाची सेडान बाजारात आली, तेव्हा तिच्यामागे महिंद्रा आणि रेनो अशी दोन नावं होती. तिचं जन्मनाव तिसरंच होतं आणि ते इथे कुणी घेतलं नाही. ती दाचिया होती. रोमानियातल्या मिओवेनी गावात १९६६ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९९९ मध्ये रेनोने घेतली. रेनोचे तेव्हाचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांनी पाच हजार युरोंत बसेल अशी दणकट गाडी मागितली आणि २००४ मध्ये लोगान तयार झाली. तिच्याच घरातली सॅन्डेरो २०२४ साली अख्ख्या युरोपात सर्वाधिक खपलेली गाडी ठरली. आपल्याकडे मात्र लोगान काही वर्षांतच पिवळ्या पाटीची गाडी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात घरची गाडी म्हणून ती रुजलीच नाही.

एकच गाडी तिकडे शहाणपणाची आणि इकडे कमीपणाची का ठरावी, याचं एक उत्तर आपल्या तोंडावर तयार असतं. आपल्या लोकांना दिखावा लागतो, तिकडचे लोक गरजेपुरतं घेतात. हे उत्तर मला अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेल्या अर्ध्याकडे आपण फार कमी पाहतो.

आधी तिकडचंच घेऊ. दाचियाकडे युरोपसुद्धा एका नजरेनं पाहत नाही. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत रेनो १२ वर बेतलेली दाचिया १३०० हीच सामान्य कुटुंबाची गाडी होती. पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहत. स्कूटरसाठी असाच नंबर लावून बसलेल्या आपल्या आधीच्या पिढीला ती वाट पाहणं वेगळं समजावून सांगायला नको. १९६९ पासून २००४ पर्यंत ती गाडी जवळपास त्याच रूपात निघत राहिली. म्हणून रोमानियन माणसाच्या मनात दाचियाबद्दल अभिमानही आहे आणि जुना वैतागही. फ्रान्समध्ये तर रेनोला लोगान आणायचीच नव्हती, ती गरीब देशांसाठी काढलेली गाडी होती. तरी २००५ मध्ये ती तिथे आली आणि तिथल्या मध्यमवर्गानं उचलली. जर्मनीत २००९ साली जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला सरकारनं २,५०० युरो दिले, तेव्हा दाचियाचा खप झपाट्यानं वाढला. ब्रिटनमध्ये ही कंपनी २०१३ साली उतरली. त्याआधीच टीव्हीवरच्या ‘टॉप गिअर’मध्ये सॅन्डेरोची इतकी थट्टा झाली होती की नाव घरोघरी माहीत झालेलं होतं.

मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते मोरोक्कोचं. कासाब्लांका आणि टँजिअर इथल्या कारखान्यांत या गाड्या बनतात आणि तिथल्या बाजारात दाचिया पहिल्या क्रमांकावर आहे. गावागावांना जोडणाऱ्या तिथल्या मोठ्या सामायिक टॅक्सी पूर्वी जुन्या मर्सिडीज असत, त्यांची जागा दाचियाच्या लॉजीनं घेतली. म्हणजे आपल्या काळीपिवळीचं काम करणारी गाडी आणि नव्या नोकरदार कुटुंबाची पहिली गाडी, दोन्ही एकाच कंपनीच्या. टॅक्सीला चालते म्हणून घराला चालत नाही, असा हिशेब तिथे दिसत नाही.

आपल्याकडे तो दिसतो. खोटं कशाला बोलायचं? वाशीमला सोयाबीन विकून, तूर विकून, थोडं सोनं गहाण टाकून, उरलेलं फायनान्स करून गाडी घेतली जाते. ती आली की पूजेला भाऊबंद जमतात, पहिली फेरी शिरपूरला किंवा पोहरादेवीला होते. अशा घरात “ही तर टॅक्सीवाली गाडी” हे एक वाक्य चांगली पसंती मोडायला पुरतं. मुलीकडचे आले की दारात काय उभं आहे ते आधी पाहतात. हा दिखावा आहे, आणि त्यानं कित्येक घरं कर्जात गेली आहेत. टाटांची नॅनो २००९ मध्ये सर्वांत स्वस्त गाडी म्हणून आली आणि त्याच ओळखीनं तिला खाल्लं. गाडीवरचा तो शिक्का चुकला, हे रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवलं.

पण लोगान नाकारली गेली ती एवढ्यानं नाही. ती गाडी जवळून पाहिली तर लक्षात येतं की तिच्यात कुठे पैसे वाचवले आणि कुठे वाचवले नाहीत. बाहेरचे दोन्ही आरसे असे घडवले होते की डावा उजवीकडे बसावा. समोरची काच कमी वळणाची, म्हणजे बनवायला सोपी. डॅशबोर्ड एकाच साच्यातून काढलेला. ही बचत डोळ्यांना दिसते, म्हणून गाडी ओबडधोबड वाटते. पण डिक्की ५१० लिटरची, मागे तीन मोठी माणसं खरोखर बसतील अशी रुंदी, खड्ड्यांत धक्का न देणारं सस्पेन्शन आणि चांगलं अ‍ॅव्हरेज देणारं दीड लिटरचं डिझेल इंजिन, यांत कुठेच हात आखडता घेतलेला नव्हता. बी-बियाणं, पाहुणे, दवाखान्याच्या चकरा, सगळं एकाच गाडीत उरकणाऱ्या कुटुंबाला याहून सोयीची सेडान त्या वेळी मिळणं कठीण होतं.

मग अडलं कुठे? एक तर सरकारच्या पट्टीवर. २००६ च्या अर्थसंकल्पानं चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा अबकारी कर कमी केला. लोगान सव्वाचार मीटरची. स्वस्तात बनवलेली गाडी करात महाग झाली. २००८ मध्ये मारुतीची डिझायर आली, तिच्यामागे गावोगावचं सर्व्हिसचं जाळं उभं होतं. २०१० मध्ये महिंद्रा आणि रेनोनं काडीमोड घेतला, गाडी महिंद्राकडे राहिली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव व्हेरिटो झालं. ज्यानं लोगान म्हणून गाडी घेतली, त्याच्या दारात आता बंद झालेल्या नावाची गाडी उभी होती. तिला विकत कोण घेणार आणि कितीला?

इथे वाशीमच्या गिऱ्हाईकाचं शहाणपण दिसतं. बैल घेताना दात पाहणारा माणूस गाडी घेताना तीन गोष्टी विचारतो: अ‍ॅव्हरेज किती देते, पार्ट कुठे मिळतात, विकायला काढली तर काय येईल. पार्ट जवळ मिळत नसेल तर अकोला किंवा नागपूर आलं, गाडी आठवडाभर गॅरेजला उभी राहिली, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत हे घडलं तर भाड्याच्या गाडीचा खर्च वेगळा. जर्मनीतला पेन्शनर दाचिया घेतो, तेव्हा रेनोच्या वर्कशॉपचं जाळं, बऱ्यापैकी टिकून राहणारी पुनर्विक्रीची किंमत आणि गाडी बंद पडलीच तर रेल्वेचा पर्याय, हे सगळं त्याच्या पाठीशी असतं. त्याचं साधेपण मला खरंच आवडतं, पण ते त्याला परवडतं ते या पाठबळामुळे. ते पाठबळ नसलेल्या माणसानं खात्रीची कंपनी निवडली, तर त्याला दिखाऊ म्हणणं हा अन्याय आहे.

सोय आणि खात्री दिसली की आपला गिऱ्हाईक गाडी उचलतो, हे डस्टरनं सिद्धही केलं. तीही मुळात दाचियाच. जुलै २०१२ मध्ये ती रेनोच्या नावानं आली, सुरुवात सात लाख एकोणीस हजारांपासून, चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यातून. याच कारखान्यातून उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या डस्टर ब्रिटनलाही गेल्या आणि तिथे सर्वांत स्वस्त एसयूव्ही म्हणून विकल्या गेल्या. आपल्याकडे तीच गाडी कंत्राटदार, डॉक्टर, मोठे बागायतदार यांच्या दारात उभी राहिली. शेतातल्या पांदण रस्त्यानं, पावसाळ्यात फुटलेल्या डांबरावरून ती बिनधास्त जाई आणि लोक तिला मानत. मूळ कंपनी बजेटवाली आहे, याची कुणाला कल्पना नव्हती आणि फिकीरही नव्हती. २०२२ मध्ये तिचं उत्पादन इथे थांबलं, तेव्हा मात्र लोगानवाल्यांना जो प्रश्न पडला होता तोच डस्टरवाल्यांपुढे आला.

स्कोडाची गोष्ट याच्या उलट बाजूची, आणि ती तर आपल्या शेजारची. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्कोडा म्हणजे विनोदाचा विषय होता. १९९१ मध्ये फोक्सवॅगननं तिच्यात पैसा घातला आणि हळूहळू ती युरोपात भरवशाची, वाजवी किमतीची गाडी झाली. ऑक्टाव्हिया तर कितीतरी शहरांत टॅक्सी म्हणून पळते. २००१ मध्ये ती छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात बनू लागली आणि आपल्या भागात पुढाऱ्यांची, श्रीमंतांची गाडी ठरली. सर्व्हिसचा खर्चही तसाच. एका देशातली थट्टेची कंपनी दुसऱ्या देशात मानाची होते, ती इथल्या लोकांना गाड्या कळत नाहीत म्हणून नाही. कंपनी कोणत्या दारानं आत येते, कोणती गाडी आधी आणते, काय किंमत लावते, यावर तिची पत ठरते. मग मूळ देशातला तिचा लौकिक इथल्या माणसाला सांगून काही उपयोग नसतो.

आतापर्यंत मी गिऱ्हाईकाची बाजू घेतली. एका बाबतीत मात्र ती घेता येत नाही. ‘अ‍ॅव्हरेज, पार्ट, रिसेल’ या तीन प्रश्नांत धडकेचा प्रश्न नाही. भारतात बनलेल्या डस्टरची २०१७ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक तपासणाऱ्या संस्थेनं चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या मूळ मॉडेलला मोठ्या माणसांच्या बचावासाठी एकही तारा मिळाला नाही, चालकाच्या एअरबॅगनंतर त्याच गाडीला तीन तारे मिळाले. सॅन्डेरोला युरोपातही २०२१ मध्ये दोनच तारे मिळाले, पण त्यात मोठा भाग चालकाला सावध करणाऱ्या नव्या यंत्रणा नसल्याचा होता, आतल्या मोठ्या माणसांच्या बचावाचे गुण सत्तर टक्के होते. हा फरक मी मुद्दाम सांगतो. सेन्सर नसणं ही एक बचत आहे आणि एअरबॅग नसणं ही दुसरी. पहिली खपवून घेता येईल, दुसरी नाही. तिकडच्या साधेपणाचं कौतुक करताना हे विसरता कामा नये की तिथे स्वस्त गाडीलाही कायद्यानं ठरवून दिलेल्या मर्यादेखाली उतरता येत नाही. आपल्याकडे चालकाची एअरबॅग सक्तीची व्हायला २०१९ साल उजाडलं.

वाशीमसाठी हे आता दूरचं राहिलेलं नाही. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो आणि त्यावर कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. ग्लोबल एनकॅपची समोरून धडकेची चाचणी ६४ किलोमीटरच्या वेगानं होते. शेलूबाजारला वर चढून नागपूरला दोन-तीन तासांत पोहोचणाऱ्या कुटुंबाला दहा वर्षांपूर्वी असा वेग माहीत नव्हता. त्या वेगात पुनर्विक्रीची किंमत उपयोगी पडत नाही.

तेव्हा साधी गाडी घ्या, हे मी वाशीमच्या कुठल्याही घराला मोकळ्या मनानं सांगेन. पॉवर विंडो कमी असू द्या, अलॉय व्हील नसू द्या, टॅक्सीवाल्याकडेही तीच गाडी असू द्या. जी गाडी दिवसरात्र भाड्यानं पळूनही उभी राहते, तिची खात्री तर त्या चालकानं आधीच करून दिलेली असते. पण खात्रीची सर्व्हिस जवळ नसलेली गाडी केवळ युरोपात नावाजलेली आहे म्हणून घेऊ नका.

बाकीची जबाबदारी सरकारची आहे. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, ठरावीक इंजिनाच्या गाड्यांवर अठरा टक्के जीएसटी आणि इतर पेट्रोल-डिझेल गाड्यांवर चाळीस टक्के. पट्टी तीच राहिली, लांबी आणि इंजिन मोजणारी. स्कोडाची कायलॅकही याच चार मीटरांत बसवलेली आहे, तिची सुरुवात आठ लाखांच्या आत झाली आणि भारत एनकॅपमध्ये तिला पाच तारे आहेत. म्हणजे छोट्या गाडीत सुरक्षितता बसवता येते, हे आता कुठल्याही कंपनीला नाकारता येणार नाही. करात सूट द्यायची तर गाडी किती लांब आहे याबरोबर ती धडकेत कितपत टिकते हेही धरावं. भारत एनकॅपची चाचणी आज कंपनीच्या मर्जीवर आहे, ती सक्तीची करावी, आणि शोरूममध्ये ऑन-रोड किमतीच्या कागदावर तारे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावेत.