कॅनरी पडली की माघारी फिरायचं

इंग्रजी अग्रलेखांत हल्ली जागोजागी ‘कॅनरी इन द कोल माइन’ (कोळसा खाणीतला कॅनरी पक्षी) भेटते. एखादी बँक बुडाली, मधमाश्या घटल्या, की लिहिणारा कॅनरी पुढे करतो. मोठ्या संकटाची आधी लागलेली चाहूल, एवढाच अर्थ वाचणाऱ्यापर्यंत पोचतो. तो चूक नाही, पण अर्धाच आहे.

जानेवारी १८९६ मध्ये दक्षिण वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी मृतदेह तपासले. बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर मागाहून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साईडने घेतला होता. या वायूला ना रंग, ना वास. हाल्डेन यांनी तो स्वतः श्वासात घेऊन परिणाम टिपले होते. खाणीत उतरताना लहानसा प्राणी सोबत न्या, असं त्यांनी सुचवलं. त्यासाठी कॅनरी निवडली गेली. तिचं अंग चिमुकलं, श्वास भरभर. माणसाला काही जाणवण्याआधी ती दांडीवर डुलायला लागते आणि खाली पडते. ती पडली की माघारी फिरायचं. तिथे चर्चेला जागा नव्हती.

मला मोलाचा वाटतो तो बचावपथकं वापरत तो एक खास पिंजरा. त्याची वरची मूठ म्हणजेच प्राणवायूचं नळकांडं. पक्षी कोसळला की जाळीवरचं दार लावायचं, झडप उघडायची आणि त्याला शुद्धीवर आणायचं. खाणकामगार या पक्ष्यांशी बोलत, शीळ घालत. १९८६ साली ब्रिटनमध्ये त्यांच्या जागी यंत्रं येणार असं जाहीर झालं, तेव्हा अनेकांना वाईट वाटलं.

म्हणजे इशारा, माघार आणि शुश्रूषा असं तिन्ही मिळून ते काम होतं. आपण इशारा तेवढा उचलला. समुद्र चढतोय म्हणून प्रशांत महासागरातल्या तुवालूसारख्या बेटांना सर्रास कॅनरी म्हटलं जातं. जेमतेम अकरा हजारांचा तो देश. इतरांना जाग यावी म्हणून त्याने बुडायचं, असा त्या शब्दांचा रोख होतो, आणि तो मला सहन होत नाही. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तुवालूशी करार करून दरवर्षी २८० जणांना आपल्याकडे राहायला येण्याची वाट खुली केली. हे झालं नळकांडं. माघारी फिरणं, म्हणजे समुद्र चढवणारा कोळसा सोडणं, अजून बाकी आहे: तोच ऑस्ट्रेलिया जगातल्या सर्वांत मोठ्या कोळसा निर्यातदारांपैकी एक आहे.